उशाशी बसणारी माणसं

फेब्रुवारीत आमच्या वाळवंटातल्या उन्हाला धार नसते. सकाळी साडेसहाला मी सभागृहाची दारं उघडतो तेव्हा डोंगर अजून निळे असतात, उंच सग्वारो निवडुंग हात वर करून उभे असतात आणि रिसॉर्टच्या हिरवळीवर ससे न घाबरता चरत असतात. त्याच सुमाराला भूल देणारी माणसं एकेक करून येऊ लागतात.

दर वर्षी येतात, पाच दिवस राहतात. परवाना चालू ठेवायचा तर त्यांना शिकण्याचे ठरावीक तास भरावे लागतात. ते भरायला ही माणसं बर्फात गाडलेल्या गावांतून आमच्याकडे अ‍ॅरिझोनात उतरतात. सकाळी सात ते एक व्याख्यानं, पुढे दुपार मोकळी. कॉफीचं टेबल माझ्याकडे. बावीस वर्षं मी त्यांना कॉफी देतोय.

एका गोष्टीची मला पहिल्या वर्षापासून गंमत वाटत आली. सभागृहात अंधार करतात, पडद्यावर फुप्फुसांची चित्रं येतात, बोलणाऱ्याचा आवाज संथ होत जातो आणि जगाला झोपवणारी ही माणसं स्वतःच झोपतात. दीडशे खुर्च्यांतल्या निम्म्या माना कललेल्या. शेजारी जो जागा असतो तो झोपलेल्याकडे एकदा बघतो, पण तुम्ही-आम्ही बघतो तसं नाही. तो त्याच्या छातीकडे बघतो. वर, खाली, वर. मोजून झालं की पुन्हा पडद्याकडे वळतो. आपण हे करतो हे त्याला स्वतःलाही माहीत नसावं. त्या अंधारात मागे उभं राहिलं की वाटायचं, अख्खी खोलीच एका मोठ्या जनावरासारखी हळूहळू श्वास घेते आहे.

"एकतीस वर्षांत मी हजारो माणसं झोपवली," एक बाई कॉफी घेताना म्हणाली, "पण औषधाशिवाय, एकदम सत्तर? या वक्त्याला मानलं पाहिजे."

ही विल्मा हॅगर्टी. नेब्रास्काची भूल देणारी नर्स. उंच, हाडकुळी, पांढऱ्या केसांची. पहिल्या रांगेत बसून वहीत हाताने लिहिणारी ती एकटीच होती. "हे माझं शेवटचं वर्ष," ती म्हणायची. "पुढच्या वेळी परवाना मागायला मी येणार नाही. मग हे सगळं कशाला लिहून घेते, विचारू नका."

उलट टोकाला एक लाल टोपीवाला तरुण होता. दाराशी एक यंत्र असतं. गळ्यातलं कार्ड त्यासमोर धरायचं, बीप वाजलं की तुमचा तास सुरू. हा सातला यायचा, बीप वाजवायचा, माझ्याकडून दोन कप कॉफी घ्यायचा, मला डोळा मारायचा आणि थेट पोहायच्या तलावावर जायचा. एकला परत येऊन पुन्हा बीप. कार्डावर नाव होतं डॅरिन किम्सी. मी त्याला मनात लाल टोपीच म्हणायचो.

इतर वर्षी हे सगळं मी मजेत बघितलं असतं. यंदा मला ही माणसं नजरेसमोर नको होती.

माझ्या डाव्या मूत्रपिंडात गाठ होती, लिंबाएवढी. सर्जन म्हणाला, अजून बाहेर पसरलेली नाही, आत्ता काढली तर संपलं. नाही काढली तर तुम्हीच संपाल. ऑक्टोबरात तारीख दिली, मी आजारी असल्याचा फोन केला. नोव्हेंबरात पुन्हा दिली. तेव्हा मी चाकांच्या खाटेवर झोपेपर्यंत मजल मारली, आणि मग खाटेवरून उतरून चालत बाहेर गेलो. दवाखान्याचा तो मागून उघडा झगा अंगावर, तसाच, थेट पार्किंगपर्यंत.

"म्हाताऱ्या," माझी बायको अंपारो म्हणाली, "अख्ख्या शहराने तुझं मागून दर्शन घेतलं. आता पुढून काही धाडस दाखवशील का?"

तिसरी तारीख पुढच्या गुरुवारची होती. सर्जनने स्पष्टच सांगितलं होतं, याच्यानंतर दुसरा डॉक्टर शोधा. आणि मी आतल्या आत पुन्हा पळायचं ठरवून बसलो होतो.

चिरफाडीची मला भीती नव्हती. तरुणपणी खाणीत काम करताना दोन बोटं गेली, तेव्हा जखमा जागेपणी शिवून घेतल्या. भीती होती झोपेची. ती का, ते मी अंपारोलाही सांगितलं नव्हतं.

मी सहा वर्षांचा असताना, मेक्सिकोतल्या सोनोरात, आमच्या गावाच्या कोरड्या नदीत खेचरावरून पडलो. लागलं काहीच नाही, पण त्यानंतर मी बोलेना, जेवेना, नुसता एका जागी बसून राहायचो. आईने ओळखलं. घाबरला की माणसाचा जीव तिथंच राहतो आणि नुसतं अंग घरी येतं. तिने मला भर दुपारी त्याच जागी नेऊन वाळूत निजवलं, अंगावरून हिरवी फांदी फिरवली, माझा सदरा तीनदा जमिनीवर आपटला आणि हाक मारली, "लिचो, ये. तिथं राहू नकोस." मावशी माझ्या वतीने उत्तर द्यायची, "येतोय." तिसऱ्या हाकेला मावशीच्या आधी मीच बोललो.

कागदावर मी एलिहिओ मोरोयोकी. कामावरच्या बिल्ल्यावर एडी, कारण पहिल्या मॅनेजरला एलिहिओ म्हणता येईना. बायकोचा म्हातारा, मुलांचा बाबा. लिचो म्हणणारी माणसं नदीच्या त्या काठावरच्या कबरस्तानात आहेत, सगळीच. मला औषध देऊन कुठंतरी लांब पाठवलं, आणि परत बोलवायला कुणी एडी म्हणून हाक मारली, तर मी कसा येणार? एकाहत्तर वर्षांच्या माणसाने हे कुणाला सांगावं?

बुधवारी दुपारी, आवराआवर झाल्यावर, मी नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरामागच्या मेस्कीटच्या झाडाखाली आरामखुर्चीत पडलो. बारीक पानांतून ऊन चाळून अंगावर पडत होतं. लावे कुठंतरी जमीन उकरत होते. डोळा लागला.

स्वप्नात मी त्या नदीत चालत होतो. वाळू कोमट आणि इतकी मऊ, की प्रत्येक पाऊल आधीच्यापेक्षा खोल जात होतं, आणि त्याचं काही वाईट वाटत नव्हतं. काठावर घरं होती, दारं उघडी, आत कुणी नाही, चुलीवर मात्र वाफ. मी गुडघ्यांपर्यंत गेलो, मग कमरेपर्यंत. फार लांबून कुणीतरी ओरडत होतं, "एडी! एडी!" मला वाटलं, कोण हा एडी? बिचाऱ्याला बोलावताहेत आणि हा जात का नाही? मी मागे वळून त्याला शोधू लागलो.

तेवढ्यात कुणीतरी माझा जबडा धरून वर उचलला. वारा आत शिरला, थंड, भरपूर.

"श्वास घ्या, एडी. मोठा. शाब्बास. डोळे उघडा. ऑपरेशन झालं, सगळं छान झालं."

माझा हात डाव्या कुशीकडे गेला. "काढली?" मी विचारलं.

"काय काढली?"

"गाठ."

डोक्यामागून एक चेहरा माझ्यावर वाकलेला होता, उलटा. पांढरे केस, वर मेस्कीटची पानं. दवाखान्यात झाड कसं, असं वाटलं आणि मग मला कळलं. तिलाही कळलं. विल्मा बाईने माझा जबडा सोडला आणि स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

"अरे देवा," ती म्हणाली. "माफ करा. जिभेवर बसलंय ते. कुणाला उठवायचं म्हटलं की माझ्या तोंडून तेच येतं. नवऱ्यालाही एकदा म्हणाले, सोफ्यावर."

"तुम्ही इथं काय करताय, बाई?"

"लावे बघायला चालले होते. भिंतीपलीकडून तुमचं घोरणं ऐकू आलं. मग थांबलं. मी मोजायला लागले. वीस. पंचवीस. तिसाला मी भिंतीवरून उडी मारली." तिने गुडघा दाखवला. पँट फाटली होती, खाली रक्त. "वय चौसष्ट. तुमच्यामुळे."

मला हसू आलं, आणि हसता हसता रडूही आलं. ते मी उन्हावर ढकललं. कारण त्या दोन क्षणांत, गाठ काढली असं वाटलं तेव्हा, मला एवढं हलकं वाटलं होतं की आपल्याला जगायची किती इच्छा आहे ते तिथंच उघडं पडलं.

ती उलट्या बादलीवर बसली. "कुठली गाठ?" तिने विचारलं, आणि मी सगळं सांगून टाकलं. तारखा, झगा, पार्किंग, गुरुवार. नदी आणि आई तेवढी वगळली.

"म्हणजे भुलीची भीती," ती म्हणाली.

"तुम्हाला नाही वाटत?"

"मला? अहो, मला तर दात काढायलाही कुणी झोपवलेलं चालणार नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांना झोपवतेय, स्वतः एकदाही गेले नाही. घाबरते मी."

"छान. मोठाच धीर दिलात."

"खोटं सांगू का?"

मी विचारलं, "ती माणसं जातात कुठं?"

तिने हातातल्या पेनाने वाळूत एक रेघ ओढली. "माहीत नाही. मी आपली दाराशी बसते. जाताना बघते, येताना बघते. मधलं मला दिसत नाही. पण एक सांगते. मी उशाशी बसते आणि तिथून हलत नाही. सर्जन येतो, जातो, गाणी लावतो. मी उठत नाही. माणूस परत येईपर्यंत पाणी प्यायलासुद्धा नाही."

आमच्या गावातही तसंच होतं. हाक मारणारी बाई जीव परत येईपर्यंत पाणी पीत नसे. हे ऐकलं आणि मग नदी, खेचर, आईचं सदरा आपटणं, सगळं माझ्या तोंडून गेलं. मला वाटलं, ही शिकलेली बाई हसेल.

ती हसली नाही. "लेनर्ड," ती म्हणाली. "माझा एक शेतकरी होता. ऑपरेशन झालं, औषध उतरलं, आकडे सगळे बरोबर. आणि हा उठेना. दहा मिनिटं मी कानाशी ओरडतेय, लेनर्ड, लेनर्ड. शेवटी बाहेर त्याच्या बायकोकडे गेले. ती म्हणाली, लेनर्ड कोण? त्याला जन्मापासून सगळे बड म्हणतात. आत आले, म्हटलं, बड, ऊठ. टक्क डोळे उघडले. डॉक्टर म्हणाले योगायोग, औषध तेव्हाच उतरलं असेल. असेलही. पण त्या दिवसापासून मी प्रत्येकाला आधी विचारते, घरी काय म्हणतात तुम्हाला?"

तिने माझ्याकडे बघितलं आणि थांबली.

ते नाव मी चाळीस वर्षांत मोठ्याने उच्चारलं नव्हतं. "लिचो," मी म्हणालो. माझाच आवाज मला लहान वाटला.

"लिच-ओ," ती म्हणाली.

"नाही बाई. लिचो."

"लिचो."

"हां. आईला चाललं असतं."

तिने खिशातून पांढऱ्या चिकटपट्टीचं छोटं रीळ काढलं. भूल दिलेल्या माणसाच्या पापण्या मिटलेल्या राहाव्यात म्हणून ही माणसं ती पट्टी लावतात, आणि सुट्टीवरसुद्धा खिशात बाळगतात, हे मला तेव्हा कळलं. "आम्ही महत्त्वाचं सगळं पट्टीवर लिहितो," ती म्हणाली. "कागद हरवतात. पट्टी हरवत नाही, चिकटते." तिने दोन ओळी लिहून तुकडा माझ्या टोपीच्या आतल्या बाजूला चिकटवला. मी त्या सावकाश वाचल्या. अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकलेलं वाचन माझ्याच्याने सावकाशच होतं.

झोपेत श्वास थांबतो, जबडा धरा.
उठवताना लिचो म्हणा.

"तिथं मी नसेन," ती म्हणाली. "जो कोण उशाशी बसेल त्याला हे दाखवा. आणि त्याचं तोंड बघून घ्या. नाही पटलं तर चालायला लागा, झगा घालून. मी तुमच्या बाजूने आहे."

शनिवारी दुपारी ती गेली. जाताना कॉफीच्या टेबलावरून म्हणाली, "बरं, लिचो." एवढंच. बाकीच्यांनी वळून बघितलं, हे कोण नवीन म्हणून.

गुरुवारी पहाटे अंपारोने मला दवाखान्यात नेलं. रस्ताभर तिने माझ्या सदऱ्याची कड धरून ठेवली होती, चालत्या गाडीतून उडी मारेन म्हणून. झगा घातला, खाटेवर पडलो. टोपीतली पट्टी काढून झग्यावर, छातीशी लावली. पडदा बाजूला झाला.

"सुप्रभात, मी तुम्हाला भूल देणार आहे, माझं नाव..."

डॅरिन किम्सी. त्या पाहुण्यांतला हा एकटा आमच्याच शहरातला निघाला. टोपी आता निळी, कागदाची, पण नाक उन्हाने सोललेलं. तलावावरचं ऊन.

त्याने मला ओळखलं. "कॉफीवाले! अरे वा."

मी उठून बसलो. पाय खाली सोडले.

"अगं बाई," अंपारो म्हणाली. "निघाला."

"मंगळवारी श्वासनलिकेवर व्याख्यान होतं," मी म्हणालो. "तू नव्हतास. बुधवारी म्हाताऱ्यांच्या भुलीवर होतं. तेव्हाही नव्हतास. शुक्रवारी तू पाण्यात हवा भरलेल्या बदकावर पडला होतास. मी बघितलंय, पोरा."

त्याचं सोललेलं नाक आणखी लाल झालं. बाहेर नर्स हसल्याचा आवाज आला. तो काहीतरी थट्टेचं बोलणार असं वाटलं, पण त्याने स्टूल ओढलं आणि बसला.

"खरं आहे," तो म्हणाला. "चूक आहे ती. ते तास मी भरले नाहीत, नुसते वाजवले."

"मग माझे तास कसे भरशील?"

"सर, त्या तासांचं मी काही सांगू शकत नाही. हे रोज करतो, सहा वर्षं. ते येतं मला." मग त्याची नजर माझ्या छातीवर गेली. त्याने पट्टी वाचली. पुन्हा वाचली. "हे अक्षर कुणाचं?"

"विल्मा बाईचं. पहिल्या रांगेतली."

तो माझ्या मागे आला, खाट मागे कलती केली, आणि दोन बोटं माझ्या जबड्याखाली ठेवून, विचारल्यासारखा, किंचित वर उचलला. वारा आत आला, थंड. अगदी तीच जागा. मी डोळे मिटले.

"श्वास किती वेळ थांबतो?" त्याने विचारलं.

"तीस मोजेपर्यंत," अंपारोने उत्तर दिलं. "पंचेचाळीस वर्षं मी मोजतेय. त्याला कधी सांगितलं नाही."

मी तिच्याकडे बघितलं. ती खिडकीकडे बघत होती.

"आणि हे नाव," तो म्हणाला. "लिच-ओ?"

"लिचो."

"लिचो. लिचो. लिचो." तो तीनदा म्हणाला, सरावासाठी. कुणी सांगितलं नव्हतं तीनदा म्हणायला. मग त्याने ती पट्टी हलक्या हाताने माझ्या झग्यावरून सोडवली आणि स्वतःच्या बाहीवर चिकटवली.

"मध्ये उठू नकोस," मी म्हणालो.

"कुठं?"

"कुठंही. बदकावर नाही, पाणी प्यायला नाही."

"नाही उठणार."

मी पाय वर घेतले. अंपारोने माझ्या कपाळावर क्रूस काढला आणि मला ऐकू येईल अशा बेताने पुटपुटली, "लिचो म्हणे. मला नाही कधी सांगितलं, लबाडा."

आत दिवे फार होते. मग दिवे मऊ झाले. वाळू कोमट होती. या वेळी घरांच्या दारांत माणसं होती, मी ओळखत होतो त्यातली, पण ती मला आत बोलवत नव्हती. आपापली कामं करत होती, कुणी डाळ निवडत होतं, कुणी खेचराला पाणी दाखवत होतं. आई उंबऱ्यात बसली होती. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा कामात गुंतली, मूल अंगणात खेळत असलं आणि ठीक असलं की बघतात तसं. किती वेळ गेला तिथं सांगता येत नाही. वेळ नव्हताच, ऊन होतं.

मग काठावरून कुणीतरी हाक मारली. उच्चार वाईट होता. दुसऱ्यांदा जरा बरा आला. नदीतल्या सगळ्यांनी हसून माझ्याकडे बघितलं.

तिसऱ्या हाकेला मी म्हणालो, "येतोय."

डोळे उघडले तेव्हा एक चेहरा वर वाकलेला होता, उलटा, सोललेल्या नाकाचा. त्याचे ओठ सुकून पांढरे पडले होते, कडेला भेगा.

"गाठ?" मी विचारलं. घसा खरखरत होता.

"काढली. ऑपरेशन झालं. सगळं छान झालं."

"उठलास मध्ये?"

"नाही," तो म्हणाला. "एकदाही नाही." आणि मग, पट्टी बाहीवर तशीच असताना, त्याने नर्सकडे पाण्याचा पेला मागितला आणि उभ्याउभ्या सगळा प्यायला.